जोतिराव ते झाकिर हुसैन : विज्ञानाच्या वहीची गोष्ट

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेत विज्ञानाचे सर रजेवर होते आणि आठवीचा ऑफ तास माझ्या वाट्याला आला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका. विज्ञानाशी माझा संबंध स्वतःच्या शाळेनंतर जवळपास संपलेला. धडा होता तेज़ाब आणि असासचा, म्हणजे मराठीत आम्ल आणि आम्लारी. एका मुलीला उभे केले तर तिने दोन्हींच्या व्याख्या न अडखळता म्हणून दाखवल्या. वहीतही त्याच, सुंदर अक्षरात. मी खूश झाले. सुंदर अक्षर दिसले की भाषेचा शिक्षक तिथेच फसतो.

सांगलीत हळदीला काय तोटा? पोषण आहाराच्या खोलीतून चिमूटभर हळद मागवली, पाण्यात कालवून कागदाला फासली आणि वर साबणाचे पाणी सोडले. पिवळा कागद लालसर झाला. वर्गात एकच गलका. तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "टीचर, अम्मी के दुपट्टे पे सालन गिरता तो पीला दाग पड़ता. साबुन लगाए तो लाल होता. खंगाले तो फिर पीला. वो भी येच है क्या?"

मी म्हटले, "हेच वहीत लिही." पाच मिनिटांनी पाहिले तर पान कोरे. "किताब में नहीं है टीचर, कैसा लिखूँ?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. जे पुस्तकात होते ते तिला लिहिता येत होते, पण ते तिने कधी पाहिले नव्हते. जे तिने घरात शंभर वेळा पाहिले होते ते लिहायची मुभा आहे, हेच तिला माहीत नव्हते. दोष तिचा नव्हता. आठ वर्षे आम्ही तिला दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या होत्या. भाषेच्या तासाला वाचायचे-लिहायचे आणि विज्ञानाच्या तासाला उत्तर पाठ करायचे. स्वतः पाहायचे, विचारायचे आणि ते स्वतःच्या वाक्यात मांडायचे, हे कुठल्याच तासाला नव्हते.

मला वाटले, ही तक्रार नवी असेल. मग जुने संदर्भ चाळू लागले आणि लक्षात आले, आपल्याच मातीत हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. त्याची उत्तरेही दिली गेली आहेत. आपण ती विसरलो.

नांगर धरणारा मास्तर

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्याआधीचा शिक्षणाचा इतिहास दोघांचा एकच. त्या इतिहासाची सुरुवात अर्थातच फुले दांपत्यापासून करावी लागते. जोतिरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातली.

जोतिरावांचे शिक्षण मध्येच सुटले होते. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून वडील गोविंदरावांची समजूत घालणाऱ्यांत गफ्फार बेग मुन्शी हे उर्दू-फारसीचे शिक्षक होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. फातिमा शेख यांचे नावही आपण आदराने घेतो. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना फातिमाची काळजी वाटते. सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुरणारी नाही, असा त्या ओळींचा भाव आहे. जयंतीला आपण एवढे सांगतो आणि थांबतो. पण त्या शाळेत शिकवायचे काय, यावर फुल्यांचे म्हणणे काय होते, ते क्वचितच कोणी सांगते.

ते म्हणणे १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सापडते. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन हवे, हिशेब हवा, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख हवी, असे फुले सांगतात. पण ते तिथे थांबत नाहीत. त्याच यादीत शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे येतात. खेड्यातल्या शाळेला जोडून एक लहानसे नमुना शेत असावे आणि मुलांना तिथे प्रत्यक्ष शिकवावे, असेही ते सुचवतात. शिक्षक कसा हवा? नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला ज्याला लाज वाटत नाही आणि जो सामान्य लोकांत सहज मिसळतो, असा.

यातला विचार बारकाईने पाहायला हवा. आधी अक्षरे शिकवू, विज्ञान नंतर पाहू, असे फुले म्हणत नाहीत. शेतकऱ्याच्या पोराला अक्षर आणि बी, दोन्ही एकाच वेळी ओळखता यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. सावकाराचा कागद वाचता आला पाहिजे आणि जमीन का नापीक झाली, हेही कळले पाहिजे. नुसते वाचता येणारा माणूस दुसऱ्याने लिहिलेले खरे मानतो. नुसते पाहणाऱ्याला आपले पाहिलेले कुणापुढे मांडता येत नाही. दोन्ही येणे ही फुल्यांच्या लेखी माणूस म्हणून उभे राहण्याची अट होती.

काले ते सातारा

फुल्यांच्या निवेदनानंतर सदतीस वर्षांनी, १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. भाऊरावांनी त्याआधी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव विकले होते. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याला नवी वस्तू विकायची तर ती का चालते, कशी चालते हे त्याच्या भाषेत सांगावे लागते. गावोगाव फिरताना त्यांना बहुजनांची निरक्षरता जवळून दिसली आणि पुढचे आयुष्य त्यांनी त्या कामाला वाहिले.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. धनिणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. मुले स्वतः राबायची आणि शिकायची. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद झाले आणि 'कमवा आणि शिका' ही तिची ओळख. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. पुढे खेड्यापाड्यांत ज्या शेकडो व्हॉलंटरी शाळा निघाल्या, त्यांना शिक्षक हवे होते. ते शेतकऱ्याघरचे, हाताने काम केलेले तरुण होते. नांगराची मूठ धरणारा जो मास्तर फुल्यांनी १८८२ मध्ये मागितला होता, तो साताऱ्यात घडवला जाऊ लागला.

एकाच वर्षी दोन नियतकालिके

आता थोडे बाहेर जाऊ, कारण उर्दूचा धागा इथे जोडायचा आहे.

उर्दूतून विज्ञान आणण्याची धडपड जुनी आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती पुढे अलीगढला गेली. इंग्रजी पुस्तके उर्दूत आणणे हे तिचे काम. १९१७ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग उभा राहिला आणि उच्च शिक्षणातली शास्त्रे उर्दूत येऊ लागली. त्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार मौलवी अब्दुल हक आपल्या महाराष्ट्रातल्या औरंगाबादेतून पाहत होते. १९२८ मध्ये अंजुमनने 'साइन्स' नावाचे उर्दू नियतकालिक सुरू केले. त्याच १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे मराठी विज्ञान मासिक निघाले.

एकच वर्ष, दोन भाषा, एकच तळमळ. सामान्य वाचकाला त्याच्या भाषेत विज्ञान वाचता यावे. मला हा योगायोग फार भावतो. आपल्या जलशांत, स्नेहसंमेलनांत इब्न अल-हैसम आणि जाबिर इब्न हय्यान यांची नावे हमखास येतात. त्यांच्यावर टाळ्याही पडतात. पण हजार वर्षांपूर्वीच्या बगदाद-कैरोचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचे औरंगाबाद आठवत नाही. अभिमानाला अंतर चालते, पण काम करायचे तर जवळचा इतिहास लागतो.

या प्रयत्नांची एक मर्यादाही मान्य करावी लागेल. त्यातून शब्द मिळाले. बाष्पीभवनाला तबख़ीर आणि प्रकाशसंश्लेषणाला ज़ियाई तालीफ़. पण बागवान, शिकलगार, तांबोळी, अत्तार यांच्या घरातले मूल तबख़ीर म्हणत नाही. ते म्हणते, "पानी उड़ गया." या दोन वाक्यांमधला जिना कोणी बांधला नाही. मराठीतही वेगळे झाले नाही. 'बाष्पीभवन' हा शब्द जत-आटपाडीच्या मेंढपाळाच्या पोरालाही तितकाच परका आहे.

वर्ध्याचा अभ्यासक्रम

तो जिना बांधायचा सर्वांत गंभीर प्रयत्न १९३७ मध्ये वर्ध्यात झाला. २२ आणि २३ ऑक्टोबरला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिथल्या ठरावांवरून अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसैन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. सदस्यांत ख्वाजा गुलामुस्सय्यदैन होते, विनोबा आणि काका कालेलकरही होते.

वर्धा योजना म्हटले की लोकांना टकळी आणि सूत आठवते. पण अहवालातले मातृभाषा आणि सामान्य विज्ञान हे दोन भाग शेजारी ठेवून वाचले तर वेगळेच चित्र दिसते. मातृभाषा नीट बोलता, वाचता, लिहिता आली नाही तर विचाराला नेमकेपणा येत नाही, असे समिती मानते. मुलाला आपल्या परिसरातल्या वस्तू, माणसे, घटना यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे आणि रोजच्या घडामोडींची नोंद लिहिता यावी, हे तिला भाषाशिक्षणाचे फलित वाटते. विज्ञानाच्या भागात म्हटले आहे की मुलांना अचूक निरीक्षणाची आणि अनुभव प्रयोगाने तपासून पाहण्याची सवय लागावी. आता या दोन्ही अपेक्षा एकत्र करा. पाहा, तपासा, नोंद लिहा. म्हणजे दुपट्ट्यावरचा डाग, हळदीचा कागद आणि माझ्या विद्यार्थिनीचे कोरे पान!

उर्दूत अनुभवालाही तजरबा म्हणतात आणि प्रयोगालाही तजरबाच. मराठीने हे दोन शब्द वेगळे केले, उर्दूने एकात ठेवले. अम्मीने आयुष्यभर केलेला तो तजरबा आणि प्रयोगशाळेत होतो तोही तजरबा. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला भाषेने दिलेली ही केवढी मोठी सोय आहे! आपण ती कधी वापरली नाही.

मग ही योजना का फसली? एक कारण अंमलबजावणीतले. सगळे विषय एका उद्योगाशी जोडून शिकवायची कल्पना चांगली, पण ती पेलणारे शिक्षक पुरेसे नव्हते. टकळी हे साधन होते, तोच विधी झाला. सूत किती निघाले ते मोजले गेले, धागा का तुटला हा प्रश्न मागे पडला.

दुसरे कारण आपल्याशी संबंधित आहे. मुस्लिम लीगने योजनेला कडाडून विरोध केला. धार्मिक शिक्षणाला तीत जागा नव्हती, हा एक आक्षेप. मध्य प्रांतात सरकारने शाळांच्या योजनेला 'विद्या मंदिर' हे नाव दिले, त्यावर मुसलमानांची नाराजी होती आणि दोन्ही गोष्टींची गल्लत होत राहिली. नावाबद्दलची नाराजी निराधार नव्हती. सरकारी शाळेच्या नावात कुणाला परके वाटू नये, ही मागणी रास्तच. पण त्या गदारोळात एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली तयार झालेला अभ्यासक्रम वाचायचाच राहून गेला. झाकिरसाहेबांना स्वकीयांची टीका सोसावी लागली. पाटीवरून भांडण झाले आणि वही कोरी राहिली.

आजही सातारा-सांगलीच्या खेड्यांत जुन्या शाळांच्या पाटीवर 'जीवन शिक्षण' हे शब्द दिसतात. ती त्या काळाच्या विचाराची खूण आहे. पाटी टिकली, पद्धत गेली.

खिरोदा आणि फलटण

स्वातंत्र्यानंतर हा विषय पुन्हा दोन ठिकाणी उचलला गेला, आणि दोन्ही उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत.

मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी त्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांसोबतही केले. विज्ञान का कळत नाही हे शोधायला गेलेल्या या शास्त्रज्ञांना वाटेत भाषा आडवी आली. पाठ्यपुस्तकातली लांब, जड, संस्कृतप्रचुर वाक्ये हाच मोठा अडथळा होता. मजकूर सोप्या भाषेत लिहिला, मुलांना बोलायला लावले, तेव्हा आकलन सुधारले. ज्या मुलांना 'ढ' म्हटले जात होते त्यांची बुद्धी कमी नव्हती, पुस्तकाची बोली त्यांच्यापासून दूर होती.

दुसरे उदाहरण साताऱ्याच्या फलटणचे. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या लोकांची बोली हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. वस्तीतल्या शाळेबाहेरच्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. मुलाची घरची बोली अशुद्ध नसते, तिथूनच लिहायला सुरुवात होते, हा या कामाचा पाया. बाईंनी आयुष्य दिले ते वाचन-लेखनाला. पण जे मूल स्वतःचे वाक्य लिहायला शिकते, तेच पुढे स्वतःचे निरीक्षण लिहू शकते.

खिरोद्याचे लोक विज्ञानाकडून निघून भाषेपाशी पोहोचले. फलटणला सुरुवातच भाषेपासून झाली. दोन्ही वाटा त्या कोऱ्या पानापाशी येऊन मिळतात.

देखा, पूछा, करके देखा

त्या ऑफ तासानंतर मी आणि विज्ञानाचे सर बसलो. ठरवले की आठवड्यातून एक तास जोडून घ्यायचा. मुलांच्या वहीत तीन रकाने आखले : देखा, पूछा, करके देखा. नियम एकच. पहिल्यांदा लिहिताना घरची बोली चालेल. 'सुकता', 'येच', 'किधर' सगळे चालेल. दुसऱ्यांदा तेच पुस्तकी उर्दूत लिहायचे आणि तिसऱ्यांदा दोन ओळी मराठीत, कारण पुढे कचेरीत, बँकेत, दवाखान्यात मराठी लागणार आहे.

पहिले पान त्या दुपट्ट्याचे झाले. साबण हा असास, म्हणून हळद लाल झाली. पाण्याने साबण निघून गेला, म्हणून पुन्हा पिवळी. मग एका मुलाने विचारले, "साबुन की जगह लिंबू डाले तो?" करून पाहिले. लाल झालेला कागद पुन्हा पिवळा झाला. त्याने लिहिले. वाक्यात तीन चुका होत्या, पण वाक्य त्याचे स्वतःचे होते.

आमच्या भागातच मिरज आहे, सतार-तंबोऱ्यासाठी देशभर नाव असलेले. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे वाद्ये घडवायला घेतली आणि त्यातूनच सतारमेकर घराणी झाली. भोपळे येतात पंढरपूरकडून. आवाजाच्या धड्याला आम्ही मुलांना एक प्रश्न देऊन धाडले : भोपळा मोठा असला तर आवाजात काय फरक पडतो? कारागीर चाचांशी बोलून मुलांनी दोन-दोन पाने लिहून आणली. ज्याच्या वहीत कधी चार ओळींपुढे मजकूर गेला नव्हता, त्याचेही पान भरले होते. वर शेवटी त्याने स्वतःचाच एक प्रश्न लिहिला होता : "भोपला ही क्यों? लकड़ी का डब्बा क्यों नहीं?" त्याचे उत्तर आम्हा दोघा शिक्षकांनाही नीट देता आले नाही. तेही वहीत लिहून ठेवले.

सगळे गोड आहे असे नाही. अभ्यासक्रम मागे राहतो. परीक्षेत व्याख्याच विचारतात. एक पालक येऊन म्हणाले, "टीचर, बच्चों को घर की बोली लिखाने स्कूल भेजते क्या हम?" त्यांचा राग मला कळतो. त्यांना स्वतःच्या बोलीची शरम वाटावी, अशीच वागणूक त्यांना आयुष्यभर मिळाली. मी त्यांना वहीचे तिन्ही टप्पे दाखवले. ते गप्प बसले. पटले की नाही, सांगता येत नाही.

आपल्या समाजात वर्षानुवर्षे एकच वाद चालतो. उर्दू की इंग्रजी? दीन की दुनिया? मुलाला कुठल्या माध्यमात घालायचे, यावर घरोघरी चर्चा होते. माध्यमाचा प्रश्न खरा आहे, पण त्याआधीचा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या माध्यमात मुलाला स्वतःचे एक वाक्य लिहिता येते का? इंग्रजी शाळेतले पाठ केलेले उत्तर आणि उर्दू शाळेतले पाठ केलेले उत्तर यांत फरक फक्त लिपीचा.

फुल्यांनी नमुना शेत मागितले, झाकिरसाहेबांनी रोजची नोंद मागितली. दोन्हींसाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या घरात शाळेत जाणारे मूल असेल तर आज संध्याकाळी त्याला एवढेच विचारा : आज तू काय पाहिलेस? आणि तो सांगेल ते त्याला लिहू द्या. किताबात नसले तरी.